जास्तीचं दूध

११ जानेवारी

दूध देणाऱ्या आईंना,

नमस्कार. दूधपेढीच्या बाई म्हणाल्या, पत्र लिहा, आम्ही पोचवू. पण नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही, हॉस्पिटल कुठलं तेही नाही. लिहिलंत तर काळ्या शाईनं खोडू. म्हणजे हे पत्र तुमच्या आधी त्या वाचणार. बाई, तुम्हालाही नमस्कार.

माझी मुलगी बारा आठवडे आधीच जन्मली. वजन नऊशे दहा ग्रॅम. मध्ये आठशे चाळीसवर गेली होती, आज पुन्हा नऊशेला टेकली. काचेच्या पेटीत असते. माझ्या नवऱ्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला, ही तर पावशेर आहे. हिशेबात तो कच्चाच, पण नाव चिकटलं. खरं नाव ठेवायचा आम्हाला धीर होत नाही.

मी स्वतः आजारी होते आणि मला दूध आलं ते औषधापुरतंही नाही. डॉक्टर म्हणाले, डब्यातली पावडर हिच्या आतड्यांना सोसणार नाही, आईचंच दूध हवं, मग ती कुठलीही आई असो. या पेढीत एका आईचं दूध एकाच बाळाला देतात. त्यामुळे गेले सहा दिवस माझ्या मुलीच्या नाकातल्या नळीतून जे जातं ते तुमचं असतं. एका वेळी चार मिली.

मी पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर घेते. दिवसभर लोक मला सांगतात, नळाला पाणी नाही, आणि मी म्हणते, नोंद करून घेतली. आता माझीच तक्रार घेऊन मी दुसऱ्याच्या दारात उभी आहे.

एक गोष्ट विचारते, रागावू नका. तुमचं बाळ पोटभर पितं ना? सिस्टर म्हणतात, ज्यांचं जास्तीचं असतं त्याच देतात. पण सिस्टर मला बरं वाटावं म्हणून पुष्कळ काही म्हणतात. दुसऱ्या लेकराच्या तोंडचं काढून माझ्या मुलीला घातलं तर ते तिच्या अंगी लागणार नाही, असं मला वाटत राहतं. तुम्ही स्वतः लिहा. तसं असेल तर मी आजच थांबवते.

आणि जमलं तर तिच्यासाठी दोन शब्द आशीर्वादाचे लिहा.

तुमची ऋणी,
पावशेरची आई


१७ जानेवारी

पावशेरच्या आईस,

पत्र मिळालं. माझी मुलगी पोटभर पिते आणि झोपते. दूध जास्तीचं आहे. थांबवू नका.

मी वजनकाटे दुरुस्त करते. वडिलांचं दुकान होतं, आता मी आणि नवरा चालवतो. नऊशे दहा ग्रॅम म्हणजे किती ते मला सांगावं लागत नाही. मध्ये थोडं कमी होऊन पुन्हा वाढलं हे चांगलं लक्षण आहे.

आशीर्वाद देण्याइतकी मी मोठी नाही. तेवढं सोडून काहीही मागा.

काटेवाली


२६ जानेवारी

काटेवाल्या आईंना,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. चार वेळा वाचण्याइतकं ते मोठं नव्हतं, पण "पोटभर पिते आणि झोपते" हे वाक्य वाचून माझ्या छातीवरचा दगड उतरला.

आज पावशेर एक किलो नव्वद ग्रॅम. नव्वद वर आहेत हं, किलोच्या वर. किलो झाली त्या दिवशी नवऱ्यानं वॉर्डाबाहेरच्या रखवालदाराला जाऊन सांगितलं. रखवालदार म्हणाला, कसली किलो? तर हा म्हणतो, मुलगी.

आता तुमच्या मुलीबद्दल लिहा. माझ्या मुलीपेक्षा महिनाभरानं मोठी असेल ना? हसते का? रात्री जागवते का? माझ्या मुलीला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही. पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घालते आणि ती ते धरते, म्हणजे धरते असं मी समजते. तेव्हा तुमच्याकडचं सगळं लिहा, अगदी बारीकसारीक. पोट भरलेलं बाळ कसं दिसतं ते मला ऐकायचं आहे. सासूबाई पण विचारत होत्या. त्या रोज डबा घेऊन येतात, बाकावर बसतात, आणि पेटीकडे न बघता माझ्याकडे बघत राहतात.

आशीर्वादाचं पुन्हा विचारू का? नाही विचारत.

पावशेरची आई


३१ जानेवारी

पावशेरच्या आईस,

माझी मुलगी मुठी चोखते. दोन्ही मुठी एकदम तोंडात घालायला बघते आणि जमलं नाही की चिडते. दूध पिऊन झालं की तिला शिंका येतात, दोन, कधी तीन. पाय सायकल चालवल्यासारखे हलवते. माझा आवाज ओळखते. कानामागे तिला मऊ लव आहे. रात्री फार जागवत नाही.

तुम्ही वजन लिहून पाठवता तेव्हा मी दुकानात तेवढी पितळी वजनं काढते. वजनाला बोटांचा घाम लागला तर ते फसवतं, म्हणून आम्ही ती फडक्यानं उचलतो. एक किलो नव्वद ग्रॅम फडक्यात बांधून मी मांडीवर घेऊन बसले. सवय आहे म्हणून. आकडा नुसता वाचून मला कळत नाही. गिऱ्हाईक आलं तर त्याला वाटलं मी शिदोरी सोडायला बसले आहे.

पुढचा आकडा कळवा.

काटेवाली


९ फेब्रुवारी

बाई,

मी तुम्हाला आज बाईच म्हणते, कारण आई म्हणायला जीभ वळत नाही. वाईट वाटेल, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

रिकाम्या बाटल्यांवरची चिठ्ठी सिस्टर मला काढून देतात. मी त्या वहीत चिकटवते. मुलगी मोठी झाली की दाखवायच्या, अशी माझी हौस. प्रत्येक चिठ्ठीवर तुमच्या हातानं तारीख आणि वेळ लिहिलेली असते. सहा, नऊ, बारा, तीन, पुन्हा सहा. दिवसाला आठ. काल दुपारी मला काम नव्हतं म्हणून मी पहिल्यापासून पानं उलटली. पस्तीस दिवसांत एकही खाडा नाही. पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही.

बाई, मी पण मशीन लावून बसते. माझं चमचाभर निघतं ते सोडा. पण माझ्या शेजारच्या खाटांवर ज्या बायका होत्या, ज्यांची मुलं त्यांच्याजवळ होती, त्यांची वेळ मी पाहिली आहे. ज्या घरात दोन महिन्यांचं मूल आहे त्या घरातलं घड्याळ ते मूल चालवतं. ते मध्येच उठतं, रडतं, लागतं, तासभर सोडत नाही. मग मशीनची वेळ चुकते. तुमची चुकत नाही. आणि इतकं सगळं बाटल्यांत आल्यावर तिच्यासाठी काय उरतं?

तुम्ही तिला वरचं पाजता आणि अंगावरचं इकडे देता, असंच ना? का? कुणी पुण्य लागेल म्हणून सांगितलं? घरात कुणाची जबरदस्ती आहे? मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं. तुम्ही लिहिलंत, जास्तीचं आहे.

पावशेर बाराशे सत्तर आहे. तुमच्यामुळे आहे. पण तुमच्या मुलीच्या पोटावर पाय देऊन मला तिला वाढवायचं नाही. तीन दिवस वाट बघते. तुमचं उत्तर आलं नाही तर मी डॉक्टरांना सांगून हे बंद करते.

पावशेरची आई


१२ फेब्रुवारी

पावशेरच्या आईस,

बंद करू नका. आधी हे पूर्ण वाचा.

तुम्ही बरोबर ओळखलंत, फक्त कारण वेगळं आहे. माझ्या मुलीचा वाटा कुणी काढून घेतलेला नाही. ती नाही.

ती नोव्हेंबरच्या शेवटी झाली. तुमच्या मुलीपेक्षाही दोन आठवडे कमी दिवसांची, चौदा आठवडे आधी. सातशे चाळीस ग्रॅम. एकोणीस दिवस होती. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं आणि ते इतकं आलं की सिस्टर म्हणाल्या, जुळ्यांना पुरेल. तिला एका वेळी दोन मिली लागायचं. मी दर तीन तासांनी काढायची आणि दोन मिली सोडून बाकीचं फ्रीजमध्ये ठेवायची. म्हणायची, मोठी झाली की पिईल.

ती सकाळी साडेआठला गेली. नऊ वाजता मी मशीन लावलं. नऊ वाजले होते म्हणून लावलं. दुसरं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी दूध आटायची गोळी दिली. आई म्हणाली, घट्ट बांध, चार दिवसांत थांबेल. नवऱ्यानं पाळणा उघडून माळ्यावर टाकला. वाईट हेतूनं नाही. मला दिसू नये म्हणून. तेव्हापासून तो तिचा विषय काढत नाही. आमच्याकडे आता "ते झालं तेव्हा" असं म्हणतात. ते झालं तेव्हा दुकान बंद होतं. ते झालं तेव्हा लाइटचं बिल राहिलं. ती मुलगी होती हेसुद्धा त्या वाक्यात नसतं.

फ्रीजमध्ये एकसष्ट बाटल्या होत्या. एक मी मोरीत ओतली. पांढरं पाणी जाळीवर क्षणभर थांबलं आणि मग गेलं. दुसरी ओतायला हात उचलला नाही. मग पेढीच्या बाईंना फोन केला. मी गोळी घेतली नाही आणि मशीनही थांबवलं नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं त्यात तुम्ही विचारलं होतंत, बाळ पोटभर पितं ना. खरं लिहिलं असतं तर तुम्ही घेतलं नसतंत. म्हणून खोटं लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिलं ते मात्र तुमच्यासाठी नव्हतं. मुठी चोखणं शेजारणीच्या मुलाचं आहे. सायकलही त्याचीच. शिंका माझ्या मुलीच्या आहेत, ती खरंच शिंकायची. कानामागची लवही तिचीच. ते पत्र लिहायला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात मला बरं वाटलं. तेवढ्याबद्दल रागवायचं असेल तर रागवा.

आशीर्वाद का देत नाही ते आता कळलं असेल. तिला मी रोज देत होते, पेटीच्या खिडकीतून, मोठ्यानं.

पेढीच्या बाई माझी पत्रं वाचतात. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी काहीच खोडलं नाही. नाव-गाव नव्हतं ना त्यात.

तुमच्या मुलीला पाजा.

काटेवाली


२७ फेब्रुवारी

पावशेरच्या आईस,

पंधरा दिवस झाले. पेढीत विचारलं तर बाई म्हणतात, बाळाची माहिती देता येत नाही. बाटल्या घेऊन जातात, पण कुणाला जातात ते सांगत नाहीत.

मला काही नको. फक्त आकडा लिहा. आकडा नसेल तर कोरा कागद पाठवा, मी समजेन.

काटेवाली


८ मार्च

काटेवाल्या आईंना,

तेराशे नव्वद. आहे.

आता बाकीचं लिहिते. तुमचं पत्र मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर वाचलं आणि शेजारी सासूबाई होत्या. मी रडत होते म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "ज्या दुधावर एक लेकरू जगलं नाही ते आपल्या पोरीला नको गं." मी त्यांच्यावर ढकलू शकले असते. तुम्हाला कुठे कळणार होतं? पण त्या नुसत्या बोलल्या. तुमचं दूध बंद करायच्या कागदावर सही मी केली. डॉक्टरांनी तीनदा समजावलं. मी ऐकलं नाही. मला भीती वाटली. तुमची नाही, कशाची ते सांगता येत नाही. तिच्या पेटीजवळ दुसरं कुणी येऊन उभं आहे असं वाटायला लागलं.

दोन दिवस पावडर. तिसऱ्या दिवशी तिचं पोट फुगलं. ताशासारखं, निळसर. सगळं बंद केलं, नुसतं सलाईन. सर्जन दोनदा आले, उभे राहिले आणि गेले. नऊ दिवस ती उपाशी होती. एरवी रडणं म्हणजे मांजराच्या पिल्लाएवढं, तेही थांबलं. त्या नऊ दिवसांत मला कळलं की तुमच्या पत्राला उत्तर लिहायचं तर आधी हे लिहावं लागेल. आणि ते लिहवेना.

दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, एक मिली देऊन बघू, कुठलं देऊ? सासूबाईच पुढे झाल्या. म्हणाल्या, "त्याच बाईचं द्या."

मी माफी मागत नाही, कारण तुम्ही लगेच माफ कराल. तुम्हाला फार लवकर देऊन टाकायची सवय आहे.

सासूबाई आता बाकावर बसत नाहीत. पेटीजवळ स्टूल घेऊन बसतात. काल मला विचारत होत्या, त्या मुलीला ते काय म्हणायचे? मला सांगता आलं नाही. नाव नको, शाईनं खोडतील. पण घरात काहीतरी म्हणत असाल ना, आम्ही पावशेर म्हणतो तसं?

पावशेरची आई


२ एप्रिल

पावशेरच्या आईस,

काही म्हणत नव्हतो. नाव ठेवलं नव्हतं. पेटीवर माझं नाव लिहून पुढे "बाळ" लिहिलं होतं. ती गेल्यावर कागदावरही तेच. सगळीकडे मीच आहे, ती कुठे नाही.

तुम्ही जे केलंत ते मीही केलं असतं. यापेक्षा जास्त त्यावर मला लिहिता येत नाही, आणि तुम्ही लिहिलंत तसं लगेच माफही करता येत नाहीये. नऊ दिवस ती उपाशी होती हे वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले. राग तुमचा होता की कुणाचा, कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तेराशे नव्वद काढली.

दूध कमी होत आहे. मार्चच्या मध्यापासून आठाच्या चार बाटल्या झाल्या, मग दोन. काल दिवसभराची मिळून अर्धी भरली. डॉक्टर म्हणतात, इतके दिवस टिकलं हेच नवल, बाळ तोंड लावत नसताना टिकत नाही. मी वेळा चुकवत नाही, तरी. खरं सांगू, मला ते तुमच्या मुलीसाठी हवं आहे असं मी स्वतःला सांगते. पण ते थांबलं की ती होती याला काहीच उरत नाही. माझ्या अंगालाच तेवढं अजून माहीत आहे की मला मुलगी आहे.

तुमची आता पावडर सोसेल एवढी झाली असेल. तेव्हा यापुढचं जे काही निघेल ते वॉर्डात जे सगळ्यात लहान असेल त्याला द्या, असं बाईंना सांगितलं आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलं.

काटेवाली


११ मे

काटेवाल्या आईंना,

आम्ही घरी आलो. दोन किलो आठशे. नाव ठेवलं, ते इथे लिहिलं तर काळा ठिपका होईल. पावशेर म्हटलं की आता ती मान वळवते, तेव्हा खरं नाव वाया गेलं असं समजा.

तुमचं शेवटचं दूध आमच्या समोरच्या पेटीतल्या मुलाला गेलं. आठशे ग्रॅमचा होता. त्याची आई घेईना. तिचंही तेच, दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचं नको. मी तेव्हा तिथेच होते, अजूनही रविवारी जाते, नव्या आयांना मशीन धुवायला शिकवते, चिठ्ठ्या लिहून देते. मला स्वतःला देण्याइतकं दूध कधी आलंच नाही, मग निदान हे. मी तिला जास्तीचं आहे म्हणून नाही सांगितलं. मी सांगितलं, "हे एका मुलीच्या हक्काचं आहे. तिला प्यायला वेळ मिळाला नाही, म्हणून ती मागच्यांसाठी ठेवून गेली." मग तिनं बाटली उजेडात धरून बघितली आणि सिस्टरला दिली. मुलगा अजून पेटीत आहे. कसा आहे ते मी लिहीत नाही, रोज वेगळं असतं.

एक आमच्या घरातलं सांगते. परवा पावशेर दूध पिऊन शिंकली. दोनदा. माझा हात थांबला. सासूबाई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या न बघता म्हणाल्या, "ताईची सवय लागली बघ." मी विचारलं, कोण ताई? तर म्हणाल्या, "एका दुधाच्या म्हणजे बहिणी. ती आधी झाली, म्हणजे थोरली. यात विचारायचं काय आहे?" आणि पुन्हा घड्या घालायला लागल्या. तेव्हापासून आमच्याकडे ती ताई आहे. ताईचं दूध, ताईची वही. म्हणजे त्या चिठ्ठ्यांची.

मी तुमच्याकडे आशीर्वाद मागून तुम्हाला छळलं. आता मागत नाही. आशीर्वाद थोरल्यांकडून येतो, आणि तो आम्हाला पोचला आहे. पावशेरची मुलं होतील, त्यांची होतील, सगळी त्यावरच उभी असतील. त्यांच्या मागे एक एकोणीस दिवसांची थोरली असेल. त्यांना ते माहीत असावं, एवढं मी बघेन.

तुमची,
पावशेरची आई


१९ मे

पावशेरच्या आईस,

पेढीला आता माझ्याकडून काही जात नाही, त्यामुळे पत्रंही जाणार नाहीत, असा नियम आहे म्हणे. बाईंनी हे एक शेवटचं घ्यायचं कबूल केलं.

तुमचं पत्र आल्यावर मी आठवडाभर उत्तर लिहिलं नाही. ताई हा शब्द मला झेपेना. मी तिला बाळ म्हणूनच ओळखत होते. ती कुणाच्या तरी पुढे चालते आहे आणि कुणीतरी तिच्या मागून येतं आहे, असं चित्र मी कधी केलं नव्हतं. चांगलं वाटलं असं नाही म्हणणार. रडूच जास्त आलं. पण या रडण्यात ती होती. आधीच्यात नुसती मीच असायची.

पावशेरला एवढंच सांगा की तिला एक थोरली बहीण होती आणि ती लहानपणीच गेली. उपकार वगैरे म्हणू नका. लहान मुलं ते ओझ्यासारखं धरून बसतात.

हे लिहीत होते तेव्हा नवरा दुकानातून आला. विचारलं, कुणाला लिहितेस. एरवी मी पेढीला म्हणून सांगते. आज म्हटलं, ताईच्या धाकट्या बहिणीच्या आईला. मला वाटलं तो हात धुवायला निघून जाईल. तो तिथेच उभा राहिला. मी तुमची सगळी पत्रं त्याच्यासमोर ठेवली. त्यानं खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून वाचायला लागला. माझ्या खोट्या पत्रात काय होतं ते त्याला कळलं नाही, तुमचीच पत्रं होती. मग मीच सांगितलं, मुठींचं, सायकलचं. तो ऐकत होता.

शेवटचं वाचून झाल्यावर म्हणाला, "धाकटी अठ्ठावीसशे झाली."

मी म्हटलं, हो.

पत्रं एकावर एक नीट ठेवत म्हणाला, "आपली आठशेपर्यंतही गेली नाही."

पाच महिन्यांत तो पहिल्यांदा आपली म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही. तो अजून इथेच बसला आहे, आणि मी लिहिणं थांबवते आहे, कारण त्याला अजून काही बोलायचं असावं.

ताईची आई